न्यूट्रल

गाडी भाड्याची, दोन दिवसांसाठी.
आत पलंग, गॅस, ओंजळीएवढं बेसिन,
खिडकीला कुणीतरी हौसेनं लावलेला फ्लेमिंगोंचा पडदा.
प्रभाकर चाचपत फिरला आतून, म्हणाला,
रुवीतल्या आपल्या पहिल्या खोलीपेक्षा ही मोठी आहे.
खोटं नव्हतं.

डोळ्यांचे पडदे सुटल्यापासून चालवते मी.
तो शेजारी बसून नकाशा सांगतो, पाठ केलेला:
आता ताका. आता समुद्र उजवीकडे.
आता डावीकडे वळ, तावी अतैर,
म्हणजे पाखरांची विहीर.

सलालाचे नारळ मागे राहिले.
खरीफ संपून महिना झालाय, धुकं गेलं,
धुक्याचे फोटो काढणारेही गेले.
डोंगरावर गवत पिकलंय कापणीच्या भातासारखं.
या दिवसांना इथं सर्ब म्हणतात.

चढ लागला की कपाटातला कुकर बोलायला लागतो,
झाकण खड् खड् खड्.
उतारावर गप्प.
का, ते आम्हाला कळलं नाही.
दुसरा गिअर, पुन्हा दुसरा,
मागे एक पिकअप, त्यात शेळ्या, घाई सगळी त्यांनाच.

सासरे राधानगरीला फॉरेस्ट गार्ड होते,
त्यामुळे झाड दिसलं की नातं काढायची याला खोड.
तो धावड्याचा चुलतभाऊ. ती चिंच, अगदी आपलीच.
तो उंबर, पण परगावी दिलेला.
अरे, तुला दिसतंय काय?
आकार दिसतो, म्हणतो. पानं मी घालतो.

मग गाई.
उंटांच्या देशात सव्वीस वर्षं काढलेल्या मला
डोंगरात गाई भेटल्या की अजून हसू येतं.
एक काळी, रस्त्याच्या बरोबर मधे, रवंथ करत.
हॉर्न तिच्या भाषेत नसावा.
काठी घेऊन गुराखी आला, गाईला जिब्बालीत काहीतरी म्हणाला,
मग काचेतून माझ्याकडे बघत राहिला.
सिस्टर! वॉर्ड चार!
मी मुसल्लम. तू तीनदा सुई चुकवलीस.
बाही वर करून कोपराची खळगी दाखवली.
शीर आठवली मला, सरकणारी, हट्टी.
माणूस नाही आठवला.
हो हो, मुसल्लम, म्हटलं मी.
त्यानं पाण्याच्या बाटलीत दूध दिलं, कोमट,
पैशांचं नाव काढू दिलं नाही.

वादी हिन्नाला गोरखचिंचा.
ऐकून होते, आफ्रिकेतून कधीतरी आलेल्या,
कुणाबरोबर ते त्याच जाणोत.
एकीला आम्ही दोघांनी मिठी मारली,
तो पलीकडून, मी अलीकडून.
हात पोचले नाहीत. बरंच उरलं मधे.
तो तिथून ओरडला, आहेस का?
आहे.
सावलीत दडपे पोहे खाल्ले, मीठ घरी राहिलेलं.
मुसल्लमचं दूध घालून चहा केला, त्याला किंचित धुराचा वास.

परतीला मिरबातच्या रस्त्यावर ती जागा,
जिथं गाडी न्यूट्रलला टाकली
तर आपण होऊन चढावर जाते.
पुढे दोन गाड्या थांबलेल्या, पोरं टाळ्या पिटतायत.
आमची पाळी आली. ब्रेक सोडला.
साडेतीन टनांचं घर,
पलंग, पोहे, फ्लेमिंगो सगळं घेऊन
हळूहळू, मग चांगलं वेगात, वर निघालं.
चढतेय! मी ओरडले. प्रभाकर, चढतेय रे!
त्यानं मान सीटला टेकली होती.
चढतेय कुठे, म्हणाला.
उतार आहे. पोटात कळतोय मला.

मी काचेतून पाहिलं, चढ.
आरशातून पाहिलं, मागे उतार.
डोळे मिटून बघ, म्हणाला तो.
गाडी कोण चालवेल मग, म्हटलं,
आणि स्टिअरिंग घट्ट धरून
समोरच्या चढाकडे बघत राहिले.

कपाटातला कुकर
केव्हाचा गप्प होता.